खोक्यावरचे आकडे आणि आगरातले मीठ

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस दारात येऊन उभा असताना, मी एकाच वेळी पाच वस्तू मागवल्या: एक ई-रीडर, बाहेरचा आवाज दाबणारे इअरबड, २०,००० एमएएचची पॉवर बँक, केबलसह ६५ वॅटचा चार्जर आणि साडेतीनशे रुपयांचा एक इवलासा आर्द्रतामापक. पहिल्या चार वस्तूंचा विचार वर्षभर चालला होता. पाचवी वस्तू मात्र अगदी शेवटच्या क्षणी यादीत शिरली, कारण गेल्या पावसाळ्यात कपाटातल्या दोन साड्यांना आणि बऱ्याच पुस्तकांना बुरशी लागली होती, आणि खोलीत नेमका किती ओलावा असतो हे एकदा आकड्यात पाहावे असे मला वाटत होते. आता जुलैचा दुसरा आठवडा चालू आहे. दीड महिन्याच्या वापरावर वस्तूचे आयुष्य ठरवता येत नाही, पण पहिले मत बनायला एवढा काळ पुरेसा आहे. कंपन्यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही; हाती आलेल्या एकेका नगावरून कोणाला डोक्यावर घेणे किंवा कोणाला झोडपणे मला योग्य वाटत नाही.

आमचे घर आगरवाड्याला, पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या बाजूला आहे. गावाच्या नावातच आगर आहे आणि मिठागरे अजूनही आहेत. नोकरी पणजीला असल्यामुळे शिवोलीचा पूल ओलांडून म्हापसा आणि तिथून पुढची बस असा रोजचा प्रवास. म्हणजे ही सगळी यंत्रे पावसाळ्यात एकतर माझ्या पिशवीत ओलसर होत असतात किंवा खाऱ्या हवेच्या घरात पडून असतात. खोक्यावर छापलेले आकडे ज्या कोरड्या, थंड प्रयोगशाळेत काढलेले असतात, तिच्याशी या दोन्ही जागांचे काहीही नाते नाही, हे मला हळूहळू कळत गेले.

ई-रीडरपासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त पैसे त्यातच गेले. पडदा सात इंचांचा आहे. या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत विद्युतभार असलेले काळे व पांढरे कण तरंगत असतात; वीज दिली की काळे वर येतात किंवा पांढरे, आणि एकदा वर आले की विजेशिवाय तिथेच थांबतात. म्हणूनच पान उलटतानाच काय ती वीज खर्च होते आणि एकदा चार्ज केलेले यंत्र काही आठवडे चालते. हे तंत्र विकसित करणारी ई इंक ही कंपनी १९९७ मध्ये सुरू झाली, ते वापरणारा सोनीचा पहिला ई-रीडर जपानमध्ये २००४ साली आला आणि किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये. मी तिथे पोहोचायला इतकी वर्षे लावली, याचे कारण मराठी. इंग्रजी वाचण्यासाठी फोन पुरत होता, आणि मराठी पुस्तक पडद्यावर कसे दिसेल याची धास्ती होती.

ती धास्ती अर्धी खरी ठरली. पहिल्याच संध्याकाळी बलकावात, म्हणजे दारासमोरच्या ओसरीत बसून, समोर पाऊस कोसळत असताना, मी एक मराठी पुस्तक उघडले. अक्षर कागदावर छापल्यासारखे काळेभोर आणि स्थिर दिसले. फोनच्या पडद्यामुळे डोळ्यांना जी चुरचुर होते ती अजिबात झाली नाही. पण दुसऱ्या पानावर डोळे ‘ल’पाशी अडखळले. यंत्रात आधीपासून असलेल्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. मराठीत आपण ज्या वळणाने ही अक्षरे गिरवली, ते वळण महाराष्ट्र शासनाने २००९ च्या लिपीविषयक निर्णयात प्रमाण मानले आहे. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, तक्रार करण्याइतके हे मोठे नाही असे कोणी म्हणेल. पण तीनशे पाने दुसऱ्याच्या हस्ताक्षरात वाचल्यासारखे वाटत राहते. सुदैवाने या यंत्रात आपला फाँट घालता येतो. मराठी वळणाची अक्षरे असलेला एक मोफत फाँट संगणकावरून त्यात टाकल्यावर ‘ल’ जागच्या जागी आला आणि माझे वाचन पुन्हा सुरळीत सुरू झाले.

दुसरी अडचण यंत्राची नाही, आपली आहे. एका पुस्तकात ‘किनाऱ्यावर’ हा शब्द नीट दिसला आणि दुसऱ्यात तोच ‘किनार्यावर’ असा उमटला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, मराठीच्या या अर्ध्या ‘ऱ’साठी वेगळे अक्षर आहे, टंकलेखन करणाऱ्याने साधा ‘र’ आणि ‘य’ जोडला की रफार वर जाऊन बसतो आणि किनाऱ्याचा उच्चार बदलून जातो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये बसवलेली एक फाइल तर अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला होऊन समोर आली. स्कॅन केलेले दिवाळी अंक वाचण्याचा बेत मात्र पूर्ण फसला. मोठ्या पानावरचे दोन स्तंभ सात इंचांत बसवले की अक्षर मुंगीएवढे होते, चिमटीने मोठे करायला जावे तर पान क्षणभर काळेपांढरे होऊन उचकी लागल्यासारखे थांबते, आणि मागच्या पानाची पुसट सावली खाली राहते. ज्यांच्याकडे स्कॅन केलेल्या फायलीच जास्त आहेत, त्यांनी या आकाराच्या नादी लागू नये.

खोक्यावर पाण्याविषयी जे छापले आहे ते मात्र मी दोनदा वाचले. गोड्या पाण्यात दोन मीटर खोल साठ मिनिटे. समुद्राच्या पाण्यात पाव मीटर खोल फक्त तीन मिनिटे. एका बाजूला एक तास आणि दुसऱ्या बाजूला तीन मिनिटे! पाणी तेच, खोली उलट कमी, आणि तरीही वीसपट कमी वेळ. मिठाला यंत्रे बनवणारेही किती घाबरून असतात हे त्या एका ओळीवरून कळले. त्या वेळी मी ती ओळ गंमत म्हणून आईला वाचून दाखवली. ती गंमत नव्हती, हे नंतर कळले.

इअरबड घेण्यामागे म्हापसा-पणजी बसचा आवाज हे एकच कारण होते. आवाज दाबण्याची कल्पना ध्वनिक्षेपकांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानात सुचली, असे सांगितले जाते. बडच्या बाहेरचा मायक्रोफोन आवाज टिपतो आणि आतला स्पीकर त्याच्या नेमकी उलटी लहर सोडतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांना खातात. संथ, सलग आणि खर्जातल्या आवाजावर हे उत्तम चालते. बसच्या इंजिनाची घरघर बटण दाबताच कोणीतरी जाड दार लोटून घ्यावे तशी मागे सरली, आणि पहिल्या दिवशी मी अक्षरशः हसले. कंडक्टरची ‘पर्वरी, पर्वरी’ ही हाळी मात्र त्यातूनही पोहोचते, कारण अचानक उठणाऱ्या, वरच्या पट्टीतल्या आवाजाशी उलटी लहर तेवढ्या वेगाने जुळवता येत नाही. घरी कौलांवर पडणाऱ्या पावसाचेही तसेच होते. त्यातला घुमणारा भाग नाहीसा होतो आणि कढईत काही तळत असल्यासारखी चर्रचर्र तेवढी उरते. मला मूळचा पाऊस अधिक आवडतो, म्हणून घरी मी ते बटण दाबत नाही.

पण एका रविवारी सकाळी दाबले आणि पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, हुकला. कानात रबराची टोके घट्ट बसलेली, आत गाणे चालू, आणि सायकलवरचा भोंगा दारावरून दोनदा वाजून गेला. पोये, म्हणजे त्याचे पाव, न मिळाल्यामुळे त्या दिवशी न्याहारीला शिळी भाकरी होती आणि या वस्तूविषयी घरातील मत त्या क्षणी ठरून गेले. बाहेरचा आवाज आत सोडणारी सोय या बडमध्ये आहे, पण पोदेर येण्याच्या वेळी ती चालू करण्याची आठवण ठेवायची असेल, तर बड काढून ठेवणेच सोपे. आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी पाहायला हवी होती, ती मी पाहिली नाही. खोक्यावर आयपीएक्स४ असे लिहिले आहे. म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे चालतील, बुडवणे चालणार नाही. पण हे फक्त बडपुरते आहे. ज्या डबीत ते चार्ज होतात त्या डबीला काहीच संरक्षण नाही. पावसात भिजलेले बड घाईघाईने डबीत ठेवणे म्हणजे पाणी बंद खोलीत नेऊन सोडणे. आता पिशवीत एक मऊ सुती रुमाल असतो आणि बड पुसल्याशिवाय आत जात नाहीत.

पॉवर बँकेविषयी थोडे गणित सांगितलेच पाहिजे, कारण २०,००० हा आकडा बघून बहुतेक लोक फोनच्या ५,००० ने त्याला भागतात आणि चार हे उत्तर काढून मोकळे होतात. ते २०,००० आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात. म्हणजे ऊर्जा ७४ वॅट-तास. बाहेर ती पाच किंवा अधिक व्होल्टवर द्यायची, त्या रूपांतरात दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात, आणि फोन स्वतः चार्ज होताना थोडी घट आणखी होते. माझा फोन तीन वेळा पूर्ण भरला आणि चौथ्या वेळी पाव भरून बँक संपली, म्हणजे वस्तू प्रामाणिक निघाली. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘रेटेड’ क्षमता छापलेली असते, खरा आकडा तो. विमानप्रवासासाठीही वॅट-तासच पाहतात. १०० पर्यंतची बँक हातातल्या सामानात चालते, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही.

मला ती हवी होती घरच्या राउटरसाठी. पहिल्या मोठ्या पावसात झाडाची फांदी तारांवर पडते आणि वीज जाते, हे दरवर्षीचे. टाइप-सी बँकेकडून १२ व्होल्ट मागून घेणारी एक खास केबल मिळते, ती राउटरला लावली आणि एका रात्री तो सहा तास चालला. एक उणीव दिसली: बँक स्वतः भिंतीवर चार्ज होत असताना वीज गेली, तर ती क्षणभर दचकते आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. भर मीटिंगमध्ये हे दोनदा झाले. चार्जरविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकामुळे तो आधीच्या विटेएवढ्या चार्जरच्या निम्म्या आकाराचा आहे, लॅपटॉपही त्यावर चालतो, आणि तापतो पण चटका बसण्याइतका नाही.

केबलने मात्र मला चांगलेच फसवले, किंवा मी तिला उगाच बदनाम केले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी नव्या केबलने फोन लावला आणि पडद्यावर सूचना आली: चार्जिंगच्या खाचेत ओलावा आहे, केबल काढा. फोन रात्रभर टेबलावर होता. त्याच्यावर पाण्याचा थेंब पडलेला नव्हता. जुन्या केबलने लावून पाहण्याचे तेव्हा सुचलेही नाही. नवी केबल खराब आहे असे ठरवून मी ती परत पाठवण्याचा अर्जही भरायला घेतला. टाइप-सीच्या त्या सव्वाआठ मिलिमीटरच्या तोंडात चोवीस पिना दाटीवाटीने बसलेल्या असतात, आणि त्यांच्यात वीज जिथे जायला नको तिथे वाट शोधू लागली की फोन ते ओळखून चार्जिंग थांबवतो, कारण ओल्या पिनांवर वीज खेळली की त्या गंजून झिजतात. म्हणजे फोन खोटे बोलत नव्हता. मग पाणी आले कुठून?

उत्तर साडेतीनशे रुपयांच्या डबीने दिले. आर्द्रतामापक आला तेव्हा त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न होता. तो तपासण्याची एक जुनी, घरगुती रीत आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे, ओल्या वाळूइतके होईल एवढेच पाणी त्यात घालायचे, आणि ते झाकण व मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. ओल्या मिठाच्या वरची हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, आणि घरातील तापमान थोडे वरखाली झाले तरी हा आकडा जवळजवळ हलत नाही. मी स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ घेतले, म्हणजे अर्थातच आगरातले जाडे मीठ, आणि सकाळी मापक बरोबर ७५ दाखवत होता. इतक्या स्वस्तात इतकी अचूक वस्तू मिळाल्याचा आनंद मी दोन दिवस उपभोगला.

तिसऱ्या दिवशी शंका आली. आगरातले मीठ निव्वळ सोडियम क्लोराइड नसते. समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षारही त्यात थोडे राहतात, आणि मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांपासूनच हवेतले पाणी ओढू लागते. ७५ चा नियम शुद्ध मिठाचा आहे. म्हणून पिशवीबंद शुद्ध मीठ आणून तोच प्रयोग पुन्हा केला, आणि मापकाने ७९ दाखवले. म्हणजे तो चार अंकांनी जास्त सांगत होता, आणि आगरातल्या मिठाने आपल्या भेसळीने नेमकी तेवढीच चूक झाकून टाकली होती. तळाशी चार अंक वजा करायची चिठ्ठी चिकटवून मी तो खोलीत ठेवला. पाऊस चालू असताना त्याने ९२ दाखवले. वजा जाता ८८.

आणि मग केबलचा उलगडा झाला. ७५ च्या वर शुद्ध मीठसुद्धा हवेतून पाणी घेऊन विरघळू लागते, आगरातल्या मिठाला तेवढीही गरज नसते. पावसाळ्यात मिठाची बरणी तळाशी पाझरते ती याचमुळे. फोनच्या खाचेत दीड वर्षाचा खिशातला घाम आणि किनाऱ्याची हवा जाऊन वाळलेली. खोलीत ८८ टक्के. पाणी पडायची गरजच नव्हती, खाचेतल्या मिठाने ते स्वतः गोळा केले असणार, असा माझा तर्क आहे. फोन बंद करून कोरड्या, मऊ ब्रशने खाच हलकेच साफ केली, तोंड खाली करून काही तास पंख्याखाली ठेवला, आणि त्याच नव्या केबलने तो निमूट चार्ज झाला. परतीचा अर्ज मी पुसून टाकला.

अशा वेळी आईचा उपाय ठरलेला असतो: तांदळाच्या डब्यात ठेव. फोन बनवणाऱ्या कंपन्या हल्ली तसे करू नका म्हणतात, कारण कोंडा आणि कण खाचेत जातात. पण तांदूळ मुळात किती कोरडे करू शकतो हे मोजून पाहण्याची सोय आता घरातच होती. उकड्या तांदळाच्या डब्यात मापक रात्रभर ठेवला. सकाळी ६९, म्हणजे ६५. साठवणीच्या तांदळात स्वतःचेच बारा-तेरा टक्के पाणी असते, तो आसपासची हवा त्याहून कोरडी करणार कशी? खोलीपेक्षा बरा, एवढेच. मग घट्ट झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा घेतला आणि त्यात अर्धा किलो सिलिका जेल घातले, नारिंगी रंगाचे, पाणी प्यायले की हिरवे होणारे. तीन तासांत मापक ३२ वर आला. खालच्या टोकाला त्याची चूक तेवढीच चार असेल असे नाही, पण तांदूळ आणि सिलिका यांच्यातील अंतर दोन-चार अंकांचे नाही. बसमधून आल्यावर इअरबडची डबी उघडी करून, ई-रीडर आणि पॉवर बँक आता रात्री त्या डब्यात जातात. तेव्हापासून ओलाव्याची सूचना पुन्हा आलेली नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत सिलिका हिरवे झाले नाही. नंतर मात्र ते चार दिवसांत होऊ लागले आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा नारिंगी करावे लागू लागले. झाकण सैल झाले असावे असे समजून मी एका संध्याकाळी डबा नीट पाहिला. ई-रीडरच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले उडदाचे पापड होते, त्यांच्या बाजूला हिंगाची डबी, आणि कोपऱ्यात कोकमाच्या सोलांची पुरचुंडी. विचारल्यावर आई म्हणाली की पुरुमेतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, भरलेले सामान यंदा प्रथमच कडकडीत राहिले आहे, आणि माझी यंत्रे काही सबंध डबा व्यापत नाहीत. यावर मला काही बोलता आले नाही. सुकी सुंगटे, म्हणजे कोळंबी, त्यात ठेवू का, असे तिने काल विचारले, तेव्हा मात्र मी दुसरा डबा मागवला.